एका शब्दाचा महिना

आमच्या शाळेत आठवीचं इंग्रजीचं पुस्तक शाळा सुरू होऊन महिना उलटल्याशिवाय उघडत नसे. पुस्तकं वेळेवर येत, मुलं त्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घालून, वर नावं टाकून तयार असत, आणि इंग्रजीचे सर वर्गात शिरताच म्हणत, "पुस्तकं दप्तरात. अजून त्यांची वेळ झालेली नाही." मग शर्टाच्या खिशातून पांढऱ्या सुताचं रीळ काढून त्याचं एक टोक ते खिडकीच्या गजाला बांधत आणि फळ्याच्या कोपऱ्यात एकच शब्द लिहीत, लाईन. महिनाभर तो शब्द तिथून हलत नसे. फळा पुसणाऱ्या मुलांना सक्त ताकीद होती की बाकी काहीही पुसा, हा कोपरा सोडा. मी गणिताची. माझा तास त्यांच्यानंतर असे, आणि माझी प्रमेयं वर्षानुवर्षं त्या कोपऱ्याला वळसा घालून चालत आली.

शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली, मराठी माध्यमाची. खिडकी उघडी ठेवली तर शेजारच्या कारखान्यातल्या मागांची खटखट आत यायची, बंद केली तर जीव उकडून निघायचा. निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू, कुणाकडे कन्नड, कुणाकडे दखनी. सरही विणकराच्याच घरातले, तेलुगू बोलणारे. उंच, वाळका माणूस, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात पेनाच्या जागी रीळ. नव्या पालकांना ते गणवेशाची मापं घ्यायला आलेले शिंपी वाटत, आणि सरही ती चूक लगेच दुरुस्त करायच्या फंदात पडत नसत. एका बाईंच्या मुलाची उंची त्यांनी खरोखर मोजून दिली होती.

माझं गाव वैराग, म्हणून मला ते पहिल्या दिवसापासून "वैरागच्या बाई" म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही शंका आहे. मी नवी होते, तोंडाळ होते, पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "सर, एका शब्दाला महिना, तर मग पुस्तकाला किती जन्म?"

त्यांना राग आला नाही. खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाले, "आमच्या घरी माग होते, बाई. बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, संपत आला की वडील त्याचं उरलेलं सूत उपटून टाकत नव्हते. नव्या बीमाचं एकेक सूत जुन्या सुताला गाठ मारून जोडायचं. हजारो सुतं. दिवस मोडायचा त्यात. पण एकदा जोडून ओढलं की नवं सूत जुन्याच्या वाटेनं आपोआप आत जातं. शब्दाचंही तसंच. पोराला आधी ठाऊक असलेल्या गोष्टीला बांधून दिला तर आत जातो. सुटा टाकला तर बाहेरच लोंबत राहतो."

"पण हाच शब्द का?"

"कारण तो सुतातूनच निघालाय," ते म्हणाले आणि माझ्या डब्यातल्या जवसाच्या चटणीकडे बोट दाखवलं. "तुमच्या ह्या चटणीतून."

तेव्हा मला वाटलं, माणूस थोडा हललेला आहे. नंतर आठवीच्या वर्गाबाहेर उभी राहून मी ते सगळं ऐकलं. जवसाच्या झाडाच्या सालीतून धागा काढत. लॅटिनमध्ये जवसाचं जे नाव होतं, त्यावरून त्या धाग्याला हे नाव पडलं. धागा जाड झाला, दोरी झाला. दोरी ताणली की सरळ राहते, म्हणून सरळ रेघेला तेच नाव. रेघेत माणसं उभी राहिली ती लाईन, घरं बांधली ती पोलीस लाईन, रूळ टाकले ती रेल्वे लाईन. तार ओढली की टेलिफोनची लाईन. हे सगळं सर सांगत नसत, हीच तर खोच होती. सर फक्त जवस सांगत आणि गप्प बसत. बाकी सगळं मुलांनी गावभर हिंडून शोधून आणायचं.

मूल नवी लाईन घेऊन आलं की त्याला हातभर सूत मिळे. ते खिडकीला बांधलेल्या सुताच्या टोकाला जोडायचं आणि जोडता जोडता सांगायचं की ही आधीच्या कुठल्या लाईनीतून निघाली. सांगता आलं नाही तर सूत परत. एका मुलाचे वडील गवंडी होते. त्यानं सांगितलं, भिंत घालताना बाप दोरी ताणतो, तिला लाईनदोरी म्हणतात. त्या दिवशी सरांनी त्या पोराशी हस्तांदोलन केलं, कारण धागा आणि सरळ रेघ यांच्यामधली गाठ त्यानं आणली होती. आईबरोबर ब्लाऊज शिवणारी एक मुलगी लायनिंगचा तुकडाच घेऊन आली. पूर्वी कोटांना आतून जवसाच्या धाग्याचं कापड लावत, हे सरांनी तिला नंतर सांगितलं, पण गाठ तिची तिनंच मारली, "आत लावायचं कापड, सर, त्ये बी सूतच की."

मागच्या बाकावरच्या एकानं खोडी म्हणून हात वर केला. "सर, लाईन मारणं."

मुली खाली माना घालून हसायला लागल्या. सर अगदी गंभीर. "गाठ दाखव बे."

पोरगं उभं राहून घामाघूम. शेवटी म्हणालं, "माणूस एका जागी उभारून सरळ बगत ऱ्हातो, सर. सरळ म्हंजे रेघच की."

सरांनी विचार केला. "चालेल. बांध. पण टोक एकीकडूनच बांधलेलं असतं, त्यामुळे ही गाठ टिकेलच असं नाही."

त्यांची लहर फक्त वर्गापुरती नव्हती. लग्नाच्या पंगतीत, रेशनच्या दुकानात, कुणाच्या मयतीलासुद्धा कुणाच्या तोंडून हा शब्द निघाला की सरांचे कान टवकारत. एकदा हेडसरांनी स्टाफरूममध्ये सांगितलं, पेपर तपासण्याची डेडलाईन शनिवार. हेडसर बार्शीचे, भला माणूस, फक्त वरून पत्र आलं की त्यांचा रक्तदाब वाढे. सर म्हणाले, "पूर्वी तुरुंगात कैद्यांभोवती ही रेघ आखत. ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचा. शनिवारी गोळी कोण घालणार, तेवढं ठरवून ठेवा." हेडसर चहा तसाच टाकून उठून गेले.

पण त्यांच्या वर्गातली मला न झेपणारी गोष्ट वेगळीच होती. मूल बोलता बोलता अडलं की सर गप्प बसत आणि वर्गालाही गप्प बसवत. कुणी हळूच उत्तर पुरवलं तर सर कधी नव्हे ते चिडत. "सूत तुटलं की माग थांबवायचा. ज्याचा माग, त्यानंच गाठ मारायची." त्यांच्या घरचा तो रिवाज होता, शेजारच्या मागावरच्यानं हात घालायचा नाही. मग वर्ग बसून राही. बाहेरची खटखट तेवढी ऐकू येई. मी माझ्या तासाला मूल अडलं की उत्तर सांगून मोकळी होणारी बाई, मला ती शांतता बाहेरूनसुद्धा सहन होत नसे.

एकदा जुलैत तपासणीला अधिकारी आले. हेडसर त्यांना घेऊन नेमके आठवीतच शिरले. पुढचं मी दारातून पाहिलं.

"पाठ कितवा चाललाय?"

"पाठ नाही. शब्द चाललाय."

"कुठला शब्द?"

सरांनी फळ्याचा कोपरा दाखवला.

"कधीपासून?"

"शाळा उघडल्यापासून."

अधिकाऱ्यांनी खिडकीपासून दारापर्यंत लोंबणाऱ्या त्या गाठीगाठींच्या सुताकडे पाहिलं. "आणि हा संपणार कधी?"

"संपला की कळवतो," सर म्हणाले.

शेरा पडायचा तो पडला. हेडसर आठवडाभर सरांशी बोलले नाहीत. सरांनी काय केलं, तर दरवर्षी करत तेच. महिना संपल्यावर सकाळी शाळेच्या आधी तासभर येऊन पुस्तक घेतलं आणि ते इतरांच्या आधी संपवलं. शब्दाचा महिना मात्र त्यांनी एका दिवसानंही कमी केला नाही. त्यांना चिकाटीचा माणूस म्हणत, पण मला वाटे हा हट्ट आहे, आणि त्याची मला मनातून ओढ होती.

निवृत्तीच्या वर्षी, दिवाळीच्या सुटीत, सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. मला ओळखलं. तोंड उघडलं, आणि आतून काहीच आलं नाही. मी वैरागची खमकी बाई, पण जिन्यात येऊन रडले. दुसरा कुठलाही अवयव गेला असता तरी चाललं असतं, असा वेडा विचार माझ्या मनात आला.

त्यांचा पहिला शब्द आला तो तेलुगूतून. परिचारिका पेज भरवायला आली, तर म्हणाले, "वद्दु." म्हणजे नको. वहिनी, त्यांच्या पत्नी, हसत हसत रडल्या. "बगा बाई, आला बी तर नकोच घेऊन आला," त्या म्हणाल्या. पुढे तेलुगू हळूहळू परतली, ती आईची भाषा. मराठी आली ती लंगडत, एकेक शब्दानं. इंग्रजी मात्र पार पुसून गेली होती. ज्यानं आयुष्यभर ती शिकवली, त्याला तिच्यात पाणीसुद्धा मागता येत नव्हतं.

वाचा परत आणायला एक तरुण मुलगी घरी येई. चित्रांची कार्डं दाखवी, केळं, कप, घोडा. सर कार्डं सरकवून देत. "वद्दु." ती बिचारी हिरमुसून जाई. वहिनी मला म्हणाल्या, "चित्रं नकोत ओ त्यांना. कपाटातलं रीळ द्या काढून." रीळ डाव्या हातात दिलं, तर सरांनी त्याचं टोक पलंगाच्या दांडीला गुंडाळलं, दुसऱ्या तुकड्याचं टोक दातात धरलं आणि गाठ मारायला लागले. ती सुटली. परत मारली. ती मुलगी शहाणी होती. कार्डं पिशवीत घालून म्हणाली, "हेच करू या मग."

शाळा सुटली की मी त्यांच्याकडे जाऊ लागले. एप्रिलअखेर ते अंथरुणातच निवृत्त झाले. त्या संध्याकाळी त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. "जून. आठवी. तास." एवढं बोलायला त्यांना किती वेळ लागला ते मीच जाणे. मला वाटलं, भ्रम झाला. पण नजर स्वच्छ होती. त्यांना जूनमध्ये नव्या आठवीला तो शब्द शिकवायचा होता, आणि त्यासाठी आधी तो स्वतःच्या तोंडात परत आणायचा होता.

सुरुवात स्वयंपाकघरातून झाली. वहिनी चटणीसाठी जवस भाजत होत्या. वास आला तसे सर म्हणाले, "अविसे." ते जवसाचं तेलुगू नाव. मग थांबून, "ज... जवस." मी सूत पुढे केलं, त्यांनी गाठ मारली. दुसऱ्या दिवशी सूत, चार दिवसांनी दोरी. गवंडी आठवला, तार आठवली, अस्तर आठवलं. दांडीवरचं सूत वाढत गेलं. फक्त ज्याच्यासाठी एवढं चाललं होतं, तोच शब्द येत नव्हता. "ला... ला..." करून ते अडत आणि घाम पुसत. एकदा मला राहवलं नाही आणि मी तो म्हणून टाकला. सरांनी माझ्याकडे पाहिलं, रीळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्या दिवशी ते पुन्हा बोलले नाहीत. मी रीळ उशाशी ठेवून घरी आले. त्यानंतर मी ओठ शिवून बसायला शिकले. गणितात मला ते कधी जमलं नव्हतं.

जून आला तरी शब्द आला नव्हता. हेडसर घरी आले, मनापासून म्हणाले, "सर, तुम्ही नुसते येऊन बसा. मुलं फुलं देतील, मी चार शब्द बोलतो, शाल घालतो. तुम्हाला त्रास नको."

"वद्दु," सर म्हणाले. "तास."

हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "एक तास द्या, सर." त्यांनी दिला. शाल मात्र त्यांनी आणून ठेवलीच, तासानंतर घालू म्हणून.

सर रिक्षातून उतरले, एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला मी. नवी आठवी, त्यातलं कुणी त्यांच्या हाताखाली शिकलेलं नव्हतं. हेडसर आणि मी मागच्या बाकावर बसलो, वहिनी दाराशी उभ्या राहिल्या. सरांनी डाव्या हातानं रीळ काढलं, टोक दातात धरून खिडकीच्या गजाला गाठ मारली. ती लगेच बसली नाही. पोरं माना उंचावून बघत होती. मग ते वळले.

"ज... वस. डब्यात... कुणाच्या?"

एका मुलीनं डबा वर केला. सरांनी त्यातली चिमूटभर चटणी तळहातावर घेतली. "ह्याच्या... झाडाचा... धागा." बोट खिडकीकडे. "धाग्याची... दोरी. दोरीला... नाव..."

आणि अडले.

ओठ हलले. ला. ला. कपाळावर घाम आला. बाहेर माग चालू होते. शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होता, माझ्याच काय, वर्गातल्या प्रत्येक पोराला तो येत होता. हेडसरांना बघवेना. ते उठले, दोन पावलं पुढे झाले आणि मायेनं म्हणाले, "असू दे, सर. मुलांनो, सरांना म्हणायचंय की..."

सरांनी डावा हात वर केला. हेडसर थांबले, पण त्यांना तो हात कळला नव्हता. तेवढ्यात मघाची डबेवाली मुलगी उभी राहिली. तिच्या घरी माग होते, हे मला नंतर कळलं.

"बोलू नका की ओ सर," ती हळू आवाजात म्हणाली. "सूत तुटलंय त्यांचं. त्येच जोडतील."

हेडसर जागच्या जागी उभे राहिले. कुणी हललं नाही. त्या वर्गाला तो नियम कुणी शिकवला नव्हता, पण निम्मी पोरं तो घरूनच घेऊन आली होती. सर त्या मुलीकडे बघत होते. मग त्यांनी गजाला बांधलेल्या सुताचं मोकळं टोक उचललं, डाव्या हातानं ताणून धरलं आणि त्या ताठ धाग्यावर नजर लावली. मी देवाचं नाव घेत नाही फारसं, पण तेव्हा घेतलं.

"ला... ईन," सर म्हणाले. मग पुन्हा, सलग, "लाईन."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी उघड रडले, पोरांदेखत. सरांनी मात्र डोळ्याला हातसुद्धा लावला नाही. खडू घेतला, डाव्या हातानं फळ्याच्या कोपऱ्यात तो शब्द लिहिला. अक्षर वाकडंतिकडं, पण जागा तीच. एवढ्यात घंटा झाली.

हेडसर शाल घेऊन पुढे आले. "सर, आज तुम्ही जे केलंत..." ते सुरू झाले. सरांनी शालीकडे पाहिलं, मग मुलांकडे वळून म्हणाले, "उद्या... एकेक... आणा." रीळ खिशात टाकलं, गजाचं सूत तसंच राहू दिलं आणि वहिनींचा खांदा धरून निघाले.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी रिक्षा फाटकात उभी. तिसऱ्या दिवशीही. पोरं पाईपलाईन आणायला लागली, ऑनलाईन आणायला लागली, सर एकेका शब्दासाठी अडत होते आणि वर्ग थांबत होता. खरं तर त्यांची नोकरी संपलेली, हजेरीपटावर नाव नाही, आणि वरून कुणी विचारलं तर काय सांगायचं म्हणून हेडसरांचा रक्तदाब पुन्हा वाढायला लागला होता. शेवटी त्यांनी व्हरांड्यात सरांना गाठलं. हात जोडूनच विचारलं, "सर, एकच तास ठरला होता. मी नाही म्हणत नाही. पण अंदाज तरी द्या, हे किती दिवस चालणार?"

सर भिंतीला टेकून उभे राहिले. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, मी पाहिलं. कुणीच काही पुरवलं नाही.

"संपला..." सर म्हणाले. श्वास घेतला. "की... कळवतो."

संस्थेनं माझी बदली मोहोळच्या शाळेत केली, तेव्हाही ती शाल हेडसरांच्या कपाटात घडी न मोडता पडून होती.